मामांची रेल्वे आणि बांधावरचा देव

रेल्वेवर माझ्या मामेसासऱ्यांइतकं प्रेम केलेला आणि रेल्वेत त्यांच्याइतका कमी बसलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. कमी म्हणजे किती, तर वयाची सत्तरी उलटली तरी एकदाही बसले नव्हते. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आमच्या गल्लीत आणि कोल्हापूरच्या स्टेशनवर चहावाल्यापासून तिकीट तपासनिसापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. एवढं वेड असलेला माणूस रेल्वेत नोकरीला असेल असं कुणालाही वाटेल, पण नशिबानं अशी थट्टा केली की मामांनी उभी हयात काढली एस्टीत. बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीतून ‘प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे’ असं सांगणारा जो आवाज असतो ना, तो आवाज म्हणजे आमचे मामा. जिल्ह्यातल्या दोन पिढ्या त्या आवाजाच्या भरवशावर चंदगडला आणि शाहूवाडीला जाऊन सुखरूप परत आल्या. निवृत्त झाल्यावरही तो आवाज काही खाली ठेवता आला नाही. घरात जेवणाची पानं मांडली तरी मामा आधी घोषणा करतात आणि मग बसतात.

बसस्थानकापासून रेल्वे स्टेशन काही लांब नाही. इंजिनाची शिट्टी मामांच्या खोलीत स्वच्छ ऐकू येई आणि ती आली की त्यांचं एस्टीवरचं चित्त उडे. एकदा ‘कोल्हापूरहून चंदगडला जाणारी बस फलाट क्रमांक’ एवढं बोलून आवाज बंद झाला आणि पुढे नुसती खरखर. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. पिशव्या आणि बोचकी सांभाळत अख्खं चंदगड स्थानकाच्या मधोमध ताटकळलं. शेवटी एका म्हाताऱ्यानं काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, ‘‘सायेब, आकडा सांगा की.’’ मामांनी बोट वर करून त्याला थांबवलं. ‘‘मुंबैची गाडी आली, पावणं. आज लेट हाय,’’ ते म्हणाले. म्हाताऱ्याला मुंबईशी काही कर्तव्य नव्हतं. त्यानं वर तक्रार केली आणि वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला. मामांनी खुलासा दिला, चांगला चार पानी, आणि त्याची सुरुवात विलायतेत पहिली आगगाडी कशी निघाली इथून केली. चंदगडची बस चौथ्या पानाच्या शेवटी एका ओळीत येऊन गेली होती. वरिष्ठांनी पुन्हा कधी त्यांच्याकडे खुलासा मागितला नाही.

रेल्वेच्या इतिहासातले मोठमोठे क्षण मामांना तोंडपाठ आहेत, आणि घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ते ऐकावे लागतात. चहा मुद्दाम उशिरा येतो असा मामींवर आरोप आहे, पण तो खोटा आहे. चहा वेळेवरच होतो, मामाच तो दारात अडवून धरतात. पहिली गाडी कशी निघाली आणि तिच्यापुढे घोड्यावर बसलेला माणूस हातात निशाण घेऊन कसा धावत होता, तिथून ते सुरू करतात. मग येते इंजिनांची शर्यत. ही शर्यत झाली विलायतेत, पण मामांच्या तोंडून ती खासबागेतल्या कुस्तीसारखीच ऐकावी. पाच गडी मैदानात उतरतात. त्यातल्या एकानं चक्क यंत्राच्या आत घोडा चालवलेला असतो, तो लबाडीत धरला जाऊन पहिल्या फेरीलाच बाद. दुसऱ्याचा दम जातो, तिसऱ्याची नळी फुटते, आणि शेवटी ‘रॉकेट’ नावाचा पठ्ठ्या मैदान मारतो. मामांनी त्याला आता फेटा बांधायचा तेवढा बाकी असतो.

त्या मागोमाग एक दुःखाचा प्रसंग येतो. नव्या मार्गाच्या उद्घाटनाला आलेला एक मोठा माणूस, पार्लमेंटातला, गाडी पाण्यासाठी थांबली म्हणून खाली उतरला आणि रुळावर उभा राहून गप्पा मारू लागला. तेवढ्यात बाजूनं तेच शर्यत जिंकलेलं इंजिन आलं आणि बिचारा त्यात गेला. हे सांगताना मामांचा आवाज इतका खाली येतो की ऐकणारा मयताला आल्यासारखा मान घालून बसतो. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी हा प्रसंग सांगितला तेव्हा पाळण्याभोवतीच्या बायका नाव ठेवायचं विसरून गप्प झाल्या होत्या. ‘‘रुळावर हुबं ऱ्हाऊन गप्पा मारायच्या न्हाईत, एवढंच त्यातनं घ्या,’’ असं म्हणून मामांनी पेढा उचलला आणि मग कुठे गाणं सुरू झालं.

तिथून मामा समुद्र ओलांडून बोरीबंदरला येतात. तीन इंजिनं जोडलेली पहिली गाडी, साहिब, सिंध आणि सुलतान ही त्यांची नावं, एकवीस तोफा, आणि ठाण्यापर्यंत दुतर्फा जमलेली माणसं. इथं मात्र मामा एक वेगळीच गोष्ट सांगतात, आणि ती मला त्यांच्या सगळ्या माहितीपेक्षा जास्त आवडते. गाडीत बसलेल्या बड्या लोकांशी त्यांना काही घेणंदेणं नसतं. त्यांना वाटेवर उभ्या असलेल्या माणसाची काळजी असते. ‘‘कुणीतरी बाप्या रानात काम टाकून हुबा असंल की न्हाई? त्यानं बगितलं म्हनून ती गाडी झाली. न्हाईतर कुणासाठी पळाली?’’ असं ते विचारतात, आणि पाहुणा बिचारा मान डोलावतो. मग संस्थानच्या काळात मिरजेहून कोल्हापूरला आलेली गाडी, मग लहान रूळ जाऊन मोठे रूळ आले तो दिवस, मग वाफेचं शेवटचं इंजिन, मग विजेचं पहिलं. या शेवटच्या क्षणाला मामा स्वतः हजर होते. हार आणि नारळ घेऊन दोन तास आधी गेले होते. पण विजेचं इंजिन आलं ते मुळीच आवाज न करता, आणि मामा त्या वेळी फलाटावरच्या हमालाला बोरीबंदरच्या तोफा ऐकवत होते. मागं वळून बघतात तो इंजिन येऊन उभं. ‘‘आमी पाठमोरं हुतो,’’ हे ते प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे सांगतात. आणि या सगळ्याचा शेवट, गेली पन्नास वर्षं, एकाच वाक्यानं होत आला होता. ‘‘आन् कोकणची गाडी. ती यायची हाय.’’ एवढं म्हटलं की मामा दारातून बाजूला होत आणि चहा आत येई.

घरातल्या घटनासुद्धा मामा याच हिशेबानं लावतात. त्यांची धाकटी बहीण झाली ती मोठे रूळ टाकत होते तेव्हा आणि वडील गेले ते वाफ बंद झाली त्या सुमाराला. स्थळं बघतानाही त्यांची भाषा तीच. मुलगा आणि मुलगी यांचं जमेल असं वाटलं नाही की, ‘‘दोघांचं गेज येगळं हाय. मधी गाडी बदलाय लागंल,’’ असं म्हणून ते विषय संपवत. माझं लग्न जमलं तेही रेल्वेच्या पुण्याईवर. मी मूळचा मिरजेचा. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात माझं शिक्षण किती आणि नोकरी कुठे हे बाकीच्यांनी विचारलं. मामांनी फक्त एकच विचारलं, मिरजेत एकाच स्टेशनात तिन्ही मापांचे रूळ होते ते माझ्या वडिलांनी पाहिलेत का. माझे वडील म्हणाले, पाहिलेत तर खरंच, शिवाय सगळ्यात लहान रुळांच्या गाडीतून ते पंढरपूरकडे गेलेही होते. मामांनी जागेवरून उठून माझ्या वडिलांचे हात हातात घेतले. पोरगी जंक्शनवर पडतेय, यापेक्षा काय पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. पुढे नोकरीमुळे मीच कोल्हापुरात येऊन राहिलो तेव्हा ते थोडे नाराज झाले होते.

दर रविवारी संध्याकाळी मामा फलाटाचं तिकीट काढून स्टेशनवर जातात. कोल्हापूरला रूळ संपतात, पुढे जायला वाटच नाही, त्यामुळे आलेल्या गाडीचं इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून फिरून येतं आणि दुसऱ्या टोकाला लागतं. एवढंच बघायला ते जातात. एकदा मी सहज बोलून गेलो की मामा, रेल्वे इथं संपते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सासरच्या माणसांविषयी काहीतरी वावगं बोललो होतो. ‘‘हितं सुरू हुती, जावईबापू. मिरजंकडनं बगू नगासा,’’ ते म्हणाले. मी तेव्हापासून कोल्हापूरकडूनच बघतो.

आता एवढं सगळं असताना मामा रेल्वेत बसले का नाहीत, तर त्याचं एक कारण पास. एस्टीचा पास असल्यामुळे देवदर्शन असो नाहीतर लग्नकार्य, अख्खं कुटुंब लाल गाडीनंच फिरलं. पण खरं कारण मामी. मामींचं माहेर गगनबावड्याच्या वाटेवरचं, भातशेतीचं लहानसं गाव. मामा मुलगी बघायला गेले त्याच वर्षी कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या रेल्वेसाठी मापं घेणारी माणसं त्या गावात येऊन गेली होती. मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा, असं मोठ्यांनी म्हटल्यावर मामांनी विचारण्याऐवजी सांगितलं, की तुमच्या गावाला रेल्वे येणार आहे, आणि ती आली की पहिल्या गाडीनं मी तुम्हाला माहेरी घेऊन येईन. त्याआधी मीही कुठल्याच रेल्वेत पाय ठेवणार नाही. मुलीनं मान खाली घातली आणि होकार कळवला. त्या शब्दाला पन्नास वर्षं होत आली. मापं घेणारे मधून मधून येत राहिले, कागद पुढे सरकत राहिले, रेल्वे काही आली नाही. मामी एस्टीनंच माहेरी जात राहिल्या, आणि दर वेळी बस त्या वळणावर आली की मामा खिडकीतून बोट दाखवून रूळ कुठून येतील ते सांगत राहिले. मामींनी कधीही ‘कधी येणार?’ असं विचारलं नाही. मला वाटतं, त्यामुळेच मामांना ते जास्त लागत असावं.

त्या गावात एक देव आहे, बांधोबा. भाताच्या दोन खाचरांच्या मधल्या बांधावर शेंदूर लावलेला गुडघाभर उंचीचा दगड, आणि वर आता छोटं सिमेंटचं देऊळ. याची ख्याती अशी की हद्दीवरून भांडण लागलं की दोन्ही बाजूंनी इथं यायचं, देवावर हात ठेवायचा आणि आपला बांध कुठं ते सांगायचं. बांधोबापुढे बांधाबद्दल खोटं बोललं तर त्या रानात पीक उभं राहत नाही, असा लोकांचा पक्का समज. मामींचे दोघे भाऊच आठ वर्षं हातभर जमिनीसाठी एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एके दिवशी दोघांनी देवावर हात ठेवला, दोघेही एकदम गप्प झाले, आणि त्या दिवसापासून सणाची पंगत एकत्र बसते. त्याची जत्राही भरते. आम्ही दर वर्षी जातो. सगळे दर्शनाला रांगेत उभे राहतात आणि मामा मात्र लांब आंब्याखाली पाठ करून उभे. त्यांचा देवावर विश्वास नसेल असं मी धरून चाललो होतो.

तर झालं असं, की अलीकडेच एकदा मामांच्या थोरल्या मेव्हण्यांचा फोन आला. मापं घेणारे पुन्हा आलेत, या वेळी गावात त्यांची बैठक आहे, आणि देवाच्या हद्दीतून रूळ जाऊ द्यायचा नाही असं गावानं ठरवलंय, हे त्यांनी मोठ्या अभिमानानं कळवलं. मामांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवणाची घोषणा झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मामा, मामी आणि मी निघालो. मामी पुढं बायकांच्या जागेवर बसल्या. बस शहराबाहेर पडली तसे मामा माझ्या कानाशी आले.

‘‘एक पाप सांगतो. कुणाला बोलू नगासा. त्यो देव मी केल्याला हाय.’’

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मामा सासरी गेले होते. बांधावरून फिरताना त्यांना रेल्वेवाल्यांनी मापासाठी पुरलेला दगड दिसला, पार कलंडलेला. वरच्या शिवारातला दुसरा दगड कुणीतरी धुणं धुवायला उचलून नेलेला. हाही गेला तर रेल्वेला वाट कशी सापडणार, या काळजीनं नव्या जावयाला रात्रभर झोप लागली नाही. भल्या पहाटे त्यांनी सासऱ्यांच्या देव्हाऱ्यातला शेंदूर तेलात कालवला, दगड सरळ करून त्याला फासला आणि वर दोन जास्वंदीची फुलं ठेवली. आता याला कुणी हात लावणार नाही, एवढाच हेतू. हात खरोखरच कुणी लावला नाही. पुढच्या वर्षी तिथं पणती होती, त्याच्या पुढच्या वर्षी चौथरा, आणि मग जे झालं ते मी सांगितलंच. मामांच्या रेल्वेचा दगड मामांनी राखला, आणि आता तोच रेल्वेला आडवा आला होता.

आज सगळ्यांसमोर खरं सांगून टाकतो, असं मामांनी ठरवलं होतं. दगड आहे हे कळलं की लोक तो हलवू देतील, रेल्वेची वाट मोकळी होईल आणि मामींना दिलेला शब्द डोळे मिटायच्या आत पाळता येईल.  मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बैठक देवळापुढेच होती. शे-दीडशे माणूस जमलं होतं. रेल्वेकडून एक तरुण इंजिनियर आला होता, फार नम्र, आणि एवढ्या लोकांना एकदम बोलताना पाहून घाबरलेला. देवळात डोकावलो तर शेंदराच्या थरांनी दगड मूळच्या दुप्पट जाड झालेला. मामींचे दोघे भाऊ देवळाच्या दोन बाजूंना उभे होते, कुणीतरी नेमल्यासारखे. मामा पुढे झाले, खाकरले आणि तो जुना आवाज काढला. ‘‘ग्रामस्थांनी कृपया इकडे लक्ष द्यावे.’’ सगळं शिवार शांत झालं. आणि त्याच वेळी मागून मामी म्हणाल्या, ‘‘अवो, जरा हिकडं या.’’

चारचौघांत नवऱ्याला हाक मारल्याचं मामींच्या बाबतीत मी तरी कधी ऐकलं नव्हतं. मामाही दचकले. मामींनी त्यांना आंब्याखाली नेलं आणि मी मागोमाग गेलो, कारण मामांना धरायला कुणीतरी लागेल असं मला वाटत होतं.

‘‘काय सांगणार हाय ते मला ठावं हाय,’’ मामी म्हणाल्या. ‘‘त्या दिवाळीला मी बी उठल्याली. तुमच्या हाताला तांबडं हुतं. कुंकू सांडलं म्हनलासा. मी तांब्यानं हातावर पाणी घातलं. तेलातला शेंदूर पाण्यानं जातोय व्हय?’’

 पन्नास वर्षं जपलेलं गुपित पहिल्याच सकाळी फुटलेलं होतं.

‘‘ह्या दोघांकडं बगा. त्येच्यावर हात ठिवून गप झाल्यात. तुमी आता दगुड हाय म्हनलासा, तर परत बांध उकरत्याल. गावात आशी धा घरं हाईत. मग मी कुठल्या घरात जायाचं?’’ मामींनी पदरानं चेहरा पुसला आणि सावकाश म्हणाल्या, ‘‘रेल्वे न्हाय आली तर एस्टीनं यीन. पर यायाला माहेर तरी ऱ्हायला पायजे.’’

मामा परत गेले. गाव अजून लक्ष देऊन उभं होतं, कारण त्यांना तसं सांगितलेलं होतं. पण घोषणेचा पुढचा भाग काही येईना. मला तो चंदगडचा म्हातारा आठवला. मग मामा स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘‘बांधोबा आपल्या जागेवर उभे आहेत आणि तिथंच उभे राहतील. रेल्वेनं आपला मार्ग बदलावा.’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेल्वेच्या विरोधात बोललेलं हे मामांचं आयुष्यातलं एकमेव वाक्य. त्या टाळ्या ऐकताना त्यांचं तोंड कसं झालं होतं ते मला आजही सांगवत नाही.

त्यानंतर तो इंजिनियर मामांजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘काका, तुम्ही उगाच काळजी करताय. फार जुन्या पाहणीची रेषा इथून गेली असेल. आताची रेषा इथून जातच नाही. डोंगरापलीकडून जाते, बोगद्यातून. मी सकाळपासून तेच सांगायचा प्रयत्न करतोय, पण मला कुणी बोलूच देईना.’’ मामांनी त्याला दोनदा विचारलं, म्हणजे गावाला स्टेशन नाही? तो म्हणाला, नाही. इथून गाडी दिसेल का? तो म्हणाला, दिसणार नाही, काका. मामांनी त्याची पाठ थोपटली, जेवून जा म्हणाले, आणि मग देवळापाशी गेले. चप्पल काढली आणि स्वतःच्या हातांनी केलेल्या त्या देवापुढे पहिल्यांदा हात जोडले. कशासाठी जोडले ते मी विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये ते वळण आलं तेव्हा त्यांनी बोटही दाखवलं नाही.

आठवडाभर मामा स्टेशनवर फिरकले नाहीत. चहावाल्यानं मला दोनदा विचारलं, मामा बरे आहेत ना. नंतरच्या रविवारी सकाळी मामी नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुमच्या आईला भेटून बरेच दिस झाले, मिरजेला जाऊन येऊ. मागं मामा होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, शाळेत पहिल्या दिवशी घालायला आणल्यासारखे. आम्ही तिघं स्टेशनवर गेलो. सकाळची मिरजेची गाडी उभी होती, निम्म्याहून जास्त रिकामी. मी तपासनिसाला तिकिटं दाखवायला वळलो आणि परत बघतो तर मामांनी फलाटावरूनच खिडकीतून हात घालून बाकावर रुमाल टाकलेला. जन्मभराची एस्टीची सवय. त्या डब्यात त्या वेळी आमच्याशिवाय एक बाई आणि तिची कोथिंबिरीची पाटी एवढंच होतं. मामींनी शांतपणे आत जाऊन रुमाल उचलला, त्यानं बाक पुसला आणि खिडकीपाशी बसल्या. मामा शेजारी बसले आणि घंटा कधी होते त्याची वाट पाहू लागले. डबल घंटा न होताच गाडी हलली, तेव्हा त्यांनी दचकून मामींचा हात धरला. तो नदी येईपर्यंत सोडला नाही.

मला वाटलं होतं की आता आम्हाला प्रत्येक सिग्नलचा इतिहास ऐकावा लागणार. मामा अवाक्षर बोलले नाहीत. पंचगंगेचा पूल आला तेव्हा मामींनी नदीला हात जोडले, रानात काम करणारा एक माणूस कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत उभा होता त्याच्याकडे बघून हसल्या, आणि मामा त्यांच्याकडे बघत बसले. खिडकीबाहेर त्यांनी फार काही बघितलं असेल असं मला वाटत नाही. मिरज आलं तेव्हा ‘‘एवढ्यात?’’ असं मामी म्हणाल्या. पन्नास वर्षं वाट बघून दोन म्हाताऱ्या माणसांचा जेमतेम तासाभराचा प्रवास झाला होता, आणि तोसुद्धा माहेरच्या उलट्या दिशेनं.

परवा मामांकडे वारणानगरचे एक पाहुणे आले होते. रिवाजाप्रमाणे चहा दारात अडला आणि क्षण सुरू झाले. निशाणवाला घोडेस्वार गेला, घोडा घातलेलं यंत्र बाद झालं, पार्लमेंटातला माणूस गेला, बोरीबंदरच्या तोफा उडाल्या. मोठे रूळ आले, वाफ गेली, विजेचं इंजिन मामांच्या पाठीमागं येऊन उभं राहिलं. मी मनातल्या मनात पुढचं वाक्य म्हणून टाकलं, इतकं ते पाठ झालंय. पण मामा थांबले. मग म्हणाले, ‘‘आन् त्याच्या म्होरं, आमची मंडळी मिरजेला जाऊन आली. सकाळची गाडी. खिडकीला बसल्याली.’’

पाहुणे थोडे गोंधळले. त्यांनीही पूर्वी एकदा हे सगळं ऐकलेलं होतं. ‘‘आन् कोकणची गाडी?’’ त्यांनी विचारलं.

‘‘ती यील की,’’ मामा म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले. मामी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. त्यांनी ते ऐकलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. आधी पाहुण्यांना द्यायचा कप त्यांनी त्या दिवशी आधी मामांच्या हातात दिला.